मुंबईचं रगत

पुणे, २ डिसेंबर २०२४

दादा,

पाकीट चुलीत घालायच्या आधी एवढी एक ओळ वाच. हे पत्र माझ्यासाठी नाही, सोनलसाठी आहे.

वाचलीस? मग आता पुढचंही वाच. माझा फोन तू उचलत नाहीस, तळेघरच्या बाजाराच्या वाटेवर मी दिसले तर मधला बांध ओलांडून पलीकडून जातोस. जा. त्याबद्दल मी काही लिहीत नाही. माफीही मागत नाही, कारण मी काही केलेलंच नाही. पण तुझ्या लेकीला सातवा लागलाय, पहिलं बाळंतपण म्हणून ती तुझ्या घरी आली आहे, तिची वार खाली सरकलेली आहे, अंगात रक्त कमी आहे आणि कार्डावर 'ओ पॉझिटिव्ह' असा शिक्का आहे. हे सगळं मला ऋतिकरावांनी मढहून फोन करून सांगितलं. जावई शहाणा आहे, तुझ्यावर गेलेला नाही.

वार खाली असली की बाळंतपणात रक्त फार जातं. रक्त गेलं की डॉक्टर कार्ड बघणार आणि 'ओ'ची पिशवी लावणार. सोनल तुझ्यासारखी असली, तर ती पिशवीच तिचा जीव घेईल. मग नवस बोलायलासुद्धा वेळ मिळणार नाही.

तुझ्यासारखी म्हणजे कशी, ते सगळ्या गावाला माहीत आहे आणि तिथेच तर घोडं पेंड खातंय.

काही वर्षांपूर्वी तळेघरच्या शाळेत मी रक्ताचं शिबिर घेतलं होतं. तुझं रक्त तपासताना माझा तंत्रज्ञ सूरज, पेठेत वाढलेला, तोंडाला झाकण नसलेला, ओट्यावरून ओरडला, "मॅडम, भागूदादांचं रक्त मुंबईचं निघालं!" त्याला वाटलं आपल्याला हिरा सापडला. बाकीच्यांना वाटलं भलतंच. आपली आई परळला मामाकडे डोळ्यांच्या ऑपरेशनला गेली होती, तिथं चार महिने राहिली, परत आली आणि पुढच्या साली तू झालास. हा सगळा हिशोब गावाने तिथल्या तिथे मांडला. आपला चुलतभाऊ गेणू उठून म्हणाला, "मुंबईच्या रगताला कळमजाईची काठी कशी धरू द्यायची राव?" हसण्यावारी गेलं असतं. पण पुढच्या जत्रेला पालखीपुढची काठी, पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घराचा मान, खरोखरच गेणूच्या हातात गेली. आणि तू मला म्हणालास, "मेलेल्या आईच्या तोंडाला काळं फासलंस. मला तू मेलीस."

अरे, हजार वेळा सांगितलं, आता लिहून देते. हा रक्तगट पहिल्यांदा मुंबईत सापडला म्हणून त्याला मुंबईचं नाव. इंद्रायणी तांदूळ तू तुझ्या खाचरात लावतोस, तो काय नदीत उगवतो? माझं नाव इंद्रायणी आहे, मग मी काय आळंदीची झाले? तुझ्या अंगातलं रक्त मुंबईला कधी गेलेलं नाही. तूही गेलेला नाहीस.

सोनलला तपासायला पाठव. तू म्हणे सगळ्यांना सांगतोस, "माज्या लेकीवर मुंबईचा शिक्का नको, सासरची काय म्हनतील?" सासरचे काय म्हणतील ते ऐकायला पोर जिवंत पाहिजे ना, दादा.

इंदी


पुणे, १४ डिसेंबर २०२४

दादा,

आता घरात भांडी आपटू नकोस. वहिनी सोनलला घेऊन आली होती. घोडेगावला दात दाखवायला जाते असं तुला सांगून निघाली आणि तळेघरच्या गाडीतून थेट माझ्या दारात. या बाईला खोटं बोलता येतं हे मला माहीतच नव्हतं. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी तिला दोन वेळा शिरा करून घातला.

सोनल तुझ्यासारखीच आहे. तिच्या रक्तातलं पाणी मी 'ओ' रक्तात मिसळलं आणि नळीत गुठळ्या झाल्या, नासलेल्या दुधासारख्या. वहिनीने देवीचं नाव घेतलं. सोनल मात्र म्हणाली, "आत्या, मंजी मी आता लई महाग झाले का?" म्हटलं, झालीस बाई, सोन्याहून महाग.

तुला वाटतं ही इंदी दुसऱ्यांचं रक्त काढून पोट भरते. मी काय करते ते तू कधी विचारलंच नाहीस, म्हणून सांगते. मी नुकती डॉक्टर झाले होते तेव्हा मढच्या बाजूची एक बाई आली होती, अंबाबाई. अंगात रक्त नाही, कार्डावर 'ओ'. जी पिशवी तिच्या रक्ताशी जुळवून बघावी ती नासायची. आमचे मोठे डॉक्टरसाहेब म्हणाले, "तपासणीचं औषध शिळं असेल, दुसरी बाटली फोडा." फोडली. पुन्हा नासलं. साहेब म्हणाले, "आता जी कमी नासते ती लावा, बाई मरायला टेकलीय." मी पिशवी पोटाशी धरून उभी राहिले. लावू देत नाही म्हटलं. नोकरी जायची वेळ आली होती. पण त्या बाईच्या रक्तात 'ए' नव्हता, 'बी' नव्हता आणि 'ओ' माणसांच्या रक्तावर जी एक बारीक खूण असते, तीसुद्धा नव्हती. साध्या तपासणीला ती खूण दिसतच नाही, म्हणून असली माणसं कार्डावर 'ओ' होऊन बसतात. अंबाबाईचा भाऊ मोटरसायकलवर मागे बसून आला, त्याचं रक्त जुळलं आणि बाई उठून बसली! आजही ती मला नाचणीचे पापड पाठवते, आणि तेही तिखट जाळ.

तेव्हापासून मी 'ओ'वर विश्वास ठेवायचा सोडला. लोक मला 'संशयी बाई' म्हणायचे. मोठ्या सभेत एकाने विचारलं, "लाखात दहा माणसांसाठी सगळ्या 'ओ'वाल्यांची दुसऱ्यांदा तपासणी? खर्च कोण करणार?" मी म्हटलं, "त्या दहांतला एक माझा भाऊ आहे." आज जुन्नर आणि आंबेगावात ज्या ज्या दवाखान्यात रक्त चढवतात, तिथे 'ओ' दिसला की उलटी तपासणी करतात, सोनलच्या रक्तातलं पाणी 'ओ'त मिसळून मी केली तशी. मी करायला लावली. भांडून, बोलणी खाऊन, पाय झिजवून करायला लावली. एवढं तरी तुझ्या कानावर आलं होतं का?

आता कामाचं. सोनलचं बाळंतपण पुण्यात होणार, पोट फाडून. त्याआधी दोन पिशव्या तयार पाहिजेत. एक तुझी. बापाचं रक्त लेकीला सरळ देत नाहीत, त्यावर आधी किरण सोडावे लागतात. ती सोय इथेच आहे, म्हणून तुला इथेच यावं लागेल.

मला आवाज द्यायचीही गरज नाही. नुसता ये.

इंदी


पुणे, ६ जानेवारी २०२५

दादा,

वहिनीकडून निरोप पोचला. "रगत दीन, पर तिचं त्वांड बगनार न्हाई." बरं. मी तोंड खिशात घालून बसेन. तू पंचवीस तारखेला ये, सूरज तुझं सगळं बघेल. मी समोर येणार नाही, शब्द देते.

खरं सांगते, निरोप ऐकून मी रडले. मग हसले. मग दोन्ही.

दुसरी पिशवीही ठरली. देणारा आपल्याच डोंगराकडचा आहे. नाव सांगणार नाही, ते सांगायचं नसतं, हा आमच्या धंद्याचा धर्म. पण गोष्ट सांगायला हरकत नाही.

गेल्या वर्षी हा माणूस हर्नियाच्या ऑपरेशनला मंचरच्या एका दवाखान्यात गेला. कार्डावर 'ओ'. पिशवी आणून ठेवलेली. तिथल्या पोरसवदा डॉक्टरणीने माझ्या नियमाप्रमाणे उलटी तपासणी केली आणि पिशवी उचलून परत पाठवली. त्या पोरीला मी साडी नेसवली, दादा, दवाखान्यात सगळ्यांदेखत! तो गडी वाचला. पण आपल्या रक्ताचं नाव 'मुंबईचं' आहे असं त्याला कळलं, तेव्हा तो पलंगावर बसला तो उठेचना. जखम भरल्यावर एकटाच मला भेटायला आला. चहा घेतला नाही. एकच प्रश्न विचारला.

"ताई, ह्ये रगत आईकडनं येतं का बापाकडनं?"

म्हटलं, दोघांकडूनही यावं लागतं. नुसत्या आईकडून येऊन भागत नाही, नुसत्या बापाकडून येऊनही नाही. दोघांच्या अंगात ते दडून बसलेलं असतं, दोघांना त्याचा पत्ता नसतो, आणि लेकराच्या वाट्याला दोन्हीकडचं आलं तरच ते असं उघडं पडतं.

"मंजी बापाचं बी लागतंच?"

लागतंच, म्हटलं.

तो उठून गेला. चपला घालायला विसरला, परत येऊन घालून गेला.

आता हेच मी तुला सांगते, आणि नीट वाच. तू आईच्या पोटचा आहेस हे सगळ्यांना मान्य आहे. आपल्या बापाच्या, आप्पांच्या घराण्यात हे रक्त नसतं, तर तू असा होऊच शकला नसतास. (सोनललाही आलं, म्हणजे वहिनीच्या माहेरीही ते दडलेलं असणार.) परळच्या चाळीतल्या कुणा वाटसरूच्या अंगात नेमकं हेच दडलेलं असावं, हे एखाद्या तमाशाच्या वगात ठीक आहे. पूर्वी मी हे बोलले असते तर लोक म्हणाले असते, बहीण आहे, आईची बाजू घेणारच. आता माझ्याकडे पुरावा आहे. कोर्टात चालायचा नाही कदाचित, पण देवळापुढच्या पारावर चालेल. तो पुरावा मी उघडा करू शकत नाही. ज्याचा आहे, त्यानेच करायचा.

सोनलसाठी मी त्या माणसाला फोन केला. "कुनाला पायजे?" म्हणाला. म्हटलं, सांगता येत नाही. मग म्हणाला, "मग म्या बी इचारत न्हाई. कदी येऊ?"

त्यालाही पंचवीस तारीख दिली आहे. हा निव्वळ योगायोग आहे असं मी सूरजला सांगितलंय. त्याला ते पटलेलं नाही.

इंदी


पुणे, २६ जानेवारी २०२५

दादा,

मी शब्द पाळला. समोर आले नाही. पण काचेमागे उभी राहणार नाही असं काही बोलले नव्हते.

तू आलास. डोक्याला टोपी, धोतर नवंकोरं, लग्नाला निघाल्यासारखा. सूरजने तुझ्या कानाशी तोंड नेऊन हळूच सांगितलं, "दादा, डावा हात." पूर्वी ओरडला होता ना, आता हा पोरगा तुझ्यासमोर देवळात आल्यासारखा कुजबुजतो. तू आडवा झालास, पिशवी भरायला लागली आणि शेजारच्या पलंगावरचा पडदा सरकला. गेणू.

तू उठून गेलास तर? अर्धी पिशवी फुकट, आणि सोनलचं काय? मला वाटलं, इंदे, या वेळेला तुझी अक्कल शेण खायला गेली होती.

तू त्याच्याकडे बघितलंस आणि मान फिरवलीस. तोही छताकडे बघत होता. त्याच्या हातालाही सुई. तुम्ही दोघंही जागचे हलू शकत नव्हता. मी म्हणते, भाऊबंदांची भांडणं मिटवायची तर अशीच, दोघांना सुया लावून.

मग गेणू बोलला. तुला ते पाठ असेल, पण मी माझ्यासाठी लिहून ठेवतेय.

"भागू, मला बी मुंबईचंच हाय."

तुझी मान तशीच फिरवलेली.

"माजी आय तर गावची शीव वलांडून कदी गेली न्हाई रं. मंजी ह्ये आपल्या आज्याकडनंच आलंय. तुला बी, मला बी. तुज्या आईला, ठकूकाकीला म्या… माज्या ह्याच तोंडानं…"

आणि गेणूला रडू फुटलं. एवढा थोराड गडी, पिकल्या मिशांचा, उशीत तोंड खुपसायला गेला. त्यावर तू काय म्हणालास? सात जन्मांत कुणी अंदाज केला नसता. तू म्हणालास, "हात हलवू नगं, सुई निगंल."

सूरज बाहेर येऊन भिंतीला टेकून हसत होता का रडत होता, मला विचारू नकोस. मीही बघण्याच्या अवस्थेत नव्हते.

नंतर तुम्ही दोघं बाकावर बसून बिस्किटं खात होता. बोलत नव्हता, पण पुडा एकच होता. गेणूने तेव्हा विचारलं, "तू कुनासाटी आलास?" तू म्हणालास, "सोनलसाटी." तो म्हणाला, "मंजी माजं बी तिलाच." मी कुणालाही काही सांगितलेलं नाही, दादा. धर्म पाळला.

जाताना तू काचेकडे बघितलंस. मी आहे हे तुला माहीत होतं. तू हात केला नाहीस. पण थांबलास.

इंदी


पुणे, १० फेब्रुवारी २०२५

दादा,

फोनवर वहिनीने तुला सांगितलं आणि तू नुसतं "हां, हां" केलंस म्हणे. म्हणून सगळं लिहिते, पुन्हा पुन्हा वाचता येईल.

सोनल माझ्याकडेच राहत होती. आज सकाळी अंथरूण रक्ताने भिजलं. ठरलेल्या दिवसाच्या आधीच. दवाखान्यात नेईपर्यंत ती पांढरी पडली होती. ऋतिकराव माझ्या दंडाला धरून उभे, आणि इतकंच म्हणत होते, "आत्या, रगत हाय ना? रगत हाय ना?"

आहे, म्हटलं. आहे! ज्या पोरीला या जिल्ह्यात कुठलीच पिशवी चालत नाही, तिच्यासाठी दोन पिशव्या कपाटात तयार आहेत, तिच्या बापाची आणि तिच्या चुलत्याची. पहिली तुझी लावली. मग गेणूची. थेंबाथेंबाने रंग चढत गेला तिच्या ओठांवर. मी एवढी वर्षं रक्त बघते, पण असं कधी बघितलं नव्हतं. भूलवाले डॉक्टर मला म्हणाले, "मॅडम, ही पूर्वी आली असती तर आपण 'ओ' लावून मारली असती." मी म्हटलं, "म्हणूनच आली नाही पूर्वी. माझी वाट बघत होती." मिजास म्हण हवं तर. आज मला मिजास शोभते.

मुलगी झाली. रडली ती अशी की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं. तिचं रक्त सरळ साधं 'ए' आहे, कुठल्याही गावाचं नाव नसलेलं. सोनल शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "दादांना सांगा, त्यांचं रगत लई गरम हाय, मला घाम आला." थट्टा करतेय म्हणजे पोर जगली.

आणखी एक. मे महिन्यात दिल्लीला बोलावलंय, माझ्या त्या उलट्या तपासणीसाठी. शाल, मानपत्र, मोठी मोठी माणसं. तू येशील का असं विचारणार होते, पण नाही विचारत. जत्रेचे दिवस असतील.

तुझी नात तुझ्यासारखीच कपाळाला आठी घालते.

इंदी


पुने, १२ मे २०२५, तुज्या दारात बसून

इंदे,

शेजारनीकडनं कागद आन पेन मागून घेतलाय. मला लिवायची सवय न्हाई, सातवी झालो त्याला जमाना झाला. चुकलं तर समजून घे.

जत्रा काल व्हती. पालखी निगायच्या टायमाला गेनूनं हलगी थांबवली आन माईक हातात घेतला. पायाला कुऱ्हाड लागलीय त्याच्या, लंगडत आला. म्हनला, "मंडळी, म्या ठकूकाकीबद्दल जे बोललो व्हतो ते खोटं. भागूचं रगत आन माजं रगत एकच हाय, आमच्या आज्याचं. ज्याला काय बोलायचं असंल त्यानं आता माज्या आईबद्दल बी बोलावं." कोन बोलतंय! बाया डोळं पुसाय लागल्या. त्यानं काठी माज्या हातात दिली. इंदे, काठी उचलली तवा मला आई दिसली. खरं सांगतो.

देवळाला निम्मा फेरा झाला न्हाई तर सूरजचा फोन. मुंबईच्या दवाखान्यात कुनी पोरगी हाय, तिला आपलं रगत पायजे, आन ते बी लगीच. गेनूची औषदं चालूत, त्याचं घेत न्हाईत. म्या गेनूला म्हनलं, धर काठी. त्यो म्हनला, आरं एवड्या वर्सानं हातात आलीय, फेरा तरी पुरा कर. म्या म्हनलं, काठी पुडच्या साली बी हाय, ती पोरगी असंल का? जीपवाल्यानं मंचरपतूर सोडलं, तितनं यष्टी.

रगत दिलं. पिशवी गेली मुंबईला. म्या सूरजला बजावून सांगितलं, डब्यावर लिव, ह्ये रगत तळेघरचं हाय. त्यो म्हनला असं लिवत न्हाईत. म्या म्हनलं, मग त्यांना तोंडानं सांग. आन वरडून सांग!

मग तुज्या घरी आलो. कुलूप. शेजारीन म्हनली डॉक्टरीनबाई दिल्लीला गेल्या, उद्या येत्यात. मोबाइलवर तुजा फोटू दाखवला तिनं, शाल पांघरलेला. म्या तिला म्हनलं, ही माजी बहीन. ती म्हनली, ठावं हाय, त्या सारख्या तुमचंच सांगत आसत्यात. मला कसंसंच झालं.

इंदे, म्या तुला मेलीस म्हनलो व्हतो. पर दर भाऊबीजेला तू यायचीस, दार वाजवायचीस, आन म्या आतनं कडीला हात लावून हुबा ऱ्हायचो. तुजी पावलं परत जाईस्तवर हुबा ऱ्हायचो. कडी निगायची न्हाई हातानं. आईची शपत, एक बी साल चुकलं न्हाई.

शेजारनीनं जेवाय दिलंय. ती म्हनती आत येऊन झोपा, म्या म्हनलं न्हाई, हितंच पायरीवर बसतो. तू आलीस की शाल बिल नंतर दाखव. आदी मला ओवाळ. भाऊबीज न्हाई, ठावं हाय मला. तरी ओवाळ.

तुजा दादा